पीळ काढावा कसा?

‘सुंभ जळाला तरी पीळ जात नाही’ ही म्हण आपण हट्टी माणसांवर इतक्या वेळा खर्च करतो, की ती मुळात दोरखंडाची आहे हे आपल्या ध्यानातच राहत नाही. दोरखंडाचा पीळ माणसाने मुद्दाम घातलेला असतो. तो टिकला तर त्यात नवल कसले? खरा छळवादी पीळ न घालताच येतो, आणि तो येतो लाकडाला. पावसाळ्यात न लागणारे दार, एक कोपरा अधांतरी ठेवून डुगडुगणारा पाट, हौसेने आणलेला आणि दुसऱ्याच वर्षी वाकडे तोंड करून बसलेला पोळपाट, ही या पिळाची घरोघरची उदाहरणे आहेत.

दाराचा पीळ फार तर रात्री करकरून झोपमोड करील. पाटाखाली कागदाची घडी सारली की जेवण निभावते. पण एक वस्तू अशी आहे की तिला पीळ मुळीच खपत नाही. ती वस्तू म्हणजे लाकडी धनुष्य.

दिवाळीच्या सुट्टीत अंगणात किल्ला उभा राहतो, मावळे जागोजाग बसतात, आणि मग कोणीतरी बांबूची कामटी वाकवून तिला सुतळी बांधतो. पहिला बाण किल्ल्यावर जातो, दुसरा शेजारच्या काकूंच्या रांगोळीत. काकू नेमबाजाला बोल लावतात. पण पुष्कळ वेळा बिचाऱ्याचा नेम चांगला असतो. खोट असते ती धनुष्यात. ही खोट कोठून येते आणि ती घालवावी कशी, याची हकिगत मोठी मनोरंजक आहे.

पीळ म्हणजे नेमके काय?

धनुष्याचा मधला भाग म्हणजे मूठ. मुठीच्या वर एक भुजा, खाली एक भुजा. दोन्ही भुजांच्या टोकांना खाचा, आणि खाचांत अडकवलेली दोरी. दोरी चढवलेले चांगले धनुष्य मागच्या बाजूने पाहिले, तर दोरी दोन्ही भुजांच्या आणि मुठीच्या मधोमध सरळ रेघेसारखी दिसते. भुजेला पीळ असला की तिचे टोक, कान पिळावा तसे, एका अंगाला वळलेले दिसते आणि दोरी मुठीच्या मध्यावरून न जाता कडेने जाते.

याचा पहिला परिणाम म्हणजे बाण तिरका ढकलला जातो. दुसरा परिणाम अधिक वाईट. भुजेच्या दोन कडांनी जो भार वाटून घ्यायचा, तो एकाच कडेवर पडू लागतो. ती कड थकते, दबते, आणि पीळ दिवसेंदिवस वाढत जातो. तिसरा परिणाम सर्वांत भयंकर. धनुष्य पूर्ण ओढलेले असताना दोरी वळलेल्या टोकावरून निसटते आणि दोन्ही भुजा साठवलेल्या सगळ्या जोरानिशी उलट्या झडपतात. त्या वेळी ओढणाऱ्याचा चेहरा दोरीपासून चार बोटांवर असतो, हे लक्षात घेतले म्हणजे पीळ काढण्याचा एवढा खटाटोप का करायचा, ते वेगळे सांगायला नको.

झाडाच्या पोटातला पीळ

पुष्कळांची समजूत असते की पीळ सुताराच्या हातून येतो. कधी कधी येतो खरा. पण बहुधा तो झाडाच्या पोटातूनच आलेला असतो. काही झाडांचे तंतू जमिनीतून सरळ वर चढतात. काहींचे तंतू मिनाराच्या जिन्यासारखे खोडाभोवती फिरत फिरत वर जातात. अशा झाडाची साल नीट पाहिली, तर तिच्यावरच्या भेगाही तिरक्या वळणाने गेलेल्या दिसतात. जाणता माणूस कुऱ्हाड उचलण्यापूर्वी ही साल वाचतो.

धनुष्यासाठी लाकूड करवतीने कापण्यापेक्षा पाचर ठोकून फोडावे, असे म्हणतात ते याचसाठी. करवत तोंडदेखली आहे. वाकड्या तंतूंच्या लाकडातूनही ती सरळ फळी काढून देते. डोळ्यांना फळी सरळ दिसते, पण आतले तंतू मधेच कडेला येऊन तुटलेले असतात, आणि धनुष्य वाकवताच ते तेथेच उकलते. पाचर मात्र तंतूंच्या वाटेने जाते. लाकडात पीळ असेल तर फोडलेला तुकडा तो उघड दाखवतो. लपलेल्या दोषापेक्षा दिसणारा दोष केव्हाही बरा.

यानंतर येते वाळवण. ओल्या लाकडातले पाणी जाऊ लागले की ते आक्रसते. पण सर्व दिशांनी सारखे आक्रसत नाही. वर्षवलयांच्या वळणाने ते जितके आक्रसते, त्याच्या साधारण निम्मेच गाभ्यापासून सालीच्या दिशेने आक्रसते. त्यात तंतू फिरते असले, तर लाकूड वाळता वाळता मुरगळणारच.

बीड जिल्ह्यात, माजलगाव तालुक्यातल्या दिंद्रुडसारख्या गावी हे शास्त्र पुस्तकातून शिकावे लागत नाही. बालाघाटच्या डोंगररांगांचा हा जिल्हा पर्जन्यछायेतला. एप्रिल-मे महिन्यांत येथली हवा अशी कोरडी, की ओले लाकूड उघड्यावर टाकले तर ऊन त्याची परीक्षा आपणच घेते. बाहेरचा थर झपाट्याने वाळतो, आतला ओलाच राहतो, आणि या ओढाताणीत लाकूड तडकते किंवा पिळवटते. म्हणून जाणता सुतार बाभळीचे लाकूड सावलीत, जमिनीपासून उचलून ठेवतो. टोकांतून पाणी सर्वांत वेगाने जाते. त्यांना शेणमातीचा लेप किंवा जाड रंग दिला की वाळवण धिमी होते. नांगराचा हळस पिळलेला असला तर फाळ तिरका धरतो, बैल एका अंगाला ओढला जातो आणि तास वाकडे पडते. तेथे पीळ ही शोभेची बाब राहत नाही. ती पोटाची बाब होते.

गंमत अशी की एकदा वाळले म्हणून लाकूड कायमचे शहाणे होत नाही. हवेतला दमटपणा ते पुन्हा शोषते. दिंद्रुडच्या उन्हाळ्यात सुतासारखी सरळ असलेली पट्टी जुलैत दादरच्या चाळीत नेऊन ठेवली, तर ती फुगेल, मऊ पडेल, आणि पोटात पीळ असल्यास तो पुन्हा दाखवील. ज्या हवेत धनुष्य वापरायचे, त्या हवेत लाकडाला आधी काही आठवडे राहू द्यावे हे उत्तम.

सातपुड्यातला कामठा

औतातला पीळ ओळखणारी नजर मराठवाड्यात सापडेल. धनुष्यातला पीळ ओळखणारी नजर पाहायची, तर उत्तरेला खानदेश ओलांडून सातपुड्याच्या डोंगरांत जायला हवे. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी आणि अक्कलकुवा भागांत भिल्ल व पावरा लोकांची वस्ती आहे. ‘भिल्ल’ हे नावच धनुष्य या अर्थाच्या द्राविडी ‘विल्’ शब्दावरून आले असावे, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. इंग्रजांनी १८२५ साली खानदेशात भिल्ल पलटण उभी केली आणि या लोकांपैकी काहींच्या हाती बंदुका आल्या. तरी घरातला कामठा काही खाली उतरला नाही. १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचे दिवस सरले. कामठा उरला तो सणासमारंभात, स्पर्धेच्या मैदानात आणि घरच्या अभिमानात.

भिल्लांचा पारंपरिक कामठा बांबूचा, आणि नवल म्हणजे त्याची दोरीही बांबूचीच! बांबूची चिवट पातळ पट्टी काढून तीच प्रत्यंचा म्हणून लावायची. ही युक्ती फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ताडाचे, बांबूचे, लाकडाचे आणि शिंगाचे असे धनुष्यांचे चार प्रकार दिले आहेत. आणि दोरीसाठी मोरवेल, रुई, ताग वगैरेंच्या बरोबरीने वेळूही सांगितला आहे. जे राजनीतीच्या ग्रंथात नोंदले गेले, ते सातपुड्यातल्या हातांनी ग्रंथाविना सांभाळले.

लाकडांत धामणीचा मान मोठा. संस्कृतात तिला ‘धन्वन’, ‘धनुर्वृक्ष’ अशी नावे मिळाली आहेत, ती तिच्या लवचिकपणामुळेच. खांद्यावरच्या कावडीचे दांडेही धामणीचे करीत. भार घेऊन वाकायचे आणि भार उतरताच सरळ व्हायचे, हा तिचा गुण.

पीळ तपासावा कसा?

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. पीळ मोजण्याचे साधन अगदी साधे आहे. सारख्या लांबीच्या दोन सरळ पट्ट्या घ्याव्यात. एक मुठीजवळ आडवी ठेवावी, दुसरी भुजेच्या टोकाजवळ आडवी ठेवावी, आणि एक डोळा मिटून दोन्हींच्या वरच्या कडा एका रेषेत पाहाव्यात. पीळ नसेल तर दोन्ही पट्ट्या समांतर दिसतात. पीळ असेल तर एकीचे टोक वर आणि दुसरीचे खाली, असे लगेच नजरेला येते.

हा झाला दोरी चढवण्यापूर्वीचा पीळ. पण काही भुजा मोकळ्या असताना साळसूदपणे सरळ असतात आणि दोरी चढवताच वळतात. यांचे कारण निराळे असते. भुजेची एक कड जाड आणि दुसरी पातळ राहिली, की पातळ कड जास्त वाकते आणि टोक तिकडे कलते. दोरी ज्या बाजूला कलली असेल, ती बाजू कमजोर समजावी.

हा फरक किती बारीक असतो याचा हिशेब पाहिला म्हणजे थक्क व्हायला होते. लाकडाची रुंदी दुप्पट केली तर त्याचा ताठरपणा दुप्पट होतो. पण जाडी दुप्पट केली तर तो आठपट होतो. जाडीत दहा टक्क्यांची वाढ झाली तरी ताठरपणा सुमारे तेहतीस टक्क्यांनी वाढतो. भुजा पंधरा मिलिमीटर जाड असेल, तर एका कडेचा दीड मिलिमीटरही भुजेचे टोक फिरवायला पुरे.

तीन उपाय

पहिला उपाय तासण्याचा. येथे नवशिका हटकून फसतो. दोरी डावीकडे गेली की त्याचा हात डावीकडेच जातो. करायचे असते नेमके उलट. डावी कड आधीच दुबळी आहे. तिला आणखी तासून काय मिळणार? कमजोर बाजूला लाकूड चिकटवता येत नाही. म्हणून जबर बाजूचेच थोडे कमी करायचे. दोरी डावीकडे कलली असेल, तर उजव्या बाजूने, आणि तेही धनुर्धराकडच्या अंगाने, कानशीने किंवा काचेच्या धारेने पातळ भुसा काढावा. धनुष्याची निशाणाकडची पाठ शक्यतो खरवडू नये; धनुष्य ओढताना सगळा ताण तिच्यावर येतो आणि तेथला एक तंतू तुटला तरी चीर पडते. बांबू असेल तर त्याची चकचकीत बाहेरची साल जपावी, कारण सर्वांत चिवट तंतू तिच्याच लगत असतात.

चार-सहा वेळा खरवडून झाले की धनुष्य थोडेथोडे वीस-तीस वेळा ओढून सोडावे आणि मग पुन्हा पाहावे. काढलेल्या भुशाचा परिणाम लाकूड लगेच दाखवत नाही. ज्याला ही उसंत नसते तो एका बैठकीत पीळ घालवतो खरा, पण दुसऱ्या दिवशी पाहावे तर भुजा उलट दिशेला वळलेली! मग तो दुसरी बाजू तासतो. असे करता करता धनुष्याचा शेवटी रूळ होतो, आणि तो मुलांची वही आखायच्या कामी येतो.

दुसरा उपाय उष्णतेचा. पीळ झाडाच्या तंतूंतूनच आलेला असेल, तर नुसत्या तासण्याने भागत नाही. लाकडाच्या तंतूंना एकमेकांशी धरून ठेवणारा जो डिंकासारखा भाग असतो, तो उष्णतेने नरम पडतो. लाठी करणारे बांबू विस्तवावर फिरवून सरळ करतात, त्यामागचे मर्म हेच. धनुष्याची भुजा निखाऱ्यांच्या वर, ज्वाळेपासून दूर धरून सावकाश तापवावी. करपू नये म्हणून तिला तेलाचा हात द्यावा. लाकूड आतपर्यंत तापले की शिकंजात धरून पिळाच्या उलट वळवावे आणि पूर्ण थंड होईपर्यंत तसेच धरून ठेवावे. वाफेचाही उपयोग करतात. साधारणपणे इंचभर जाडीला तासभर वाफ असे प्रमाण धरतात. मात्र वाफेतून काढलेले लाकूड ओले असते. ते काही दिवस नीट वाळल्याशिवाय ओढायचे नाही.

एक बारकावा लक्षात ठेवावा. पीळ जितका असेल, त्याहून किंचित अधिक उलटे वळवावे. शिकंजा सुटताच लाकूड थोडे मागे येतेच. माणसाप्रमाणे त्यालाही जुनी सवय एकदम सुटत नाही.

तिसरा उपाय खाचांचा. भुजांची टोके सुरुवातीला मुद्दाम रुंद ठेवावीत. धनुष्य जवळजवळ तयार झाले, की दोरी कोठून जाते ते पाहून एका बाजूने टोक अरुंद करावे, किंवा एका अंगाची खाच जराशी खोल करावी. दोरी दोन-चार मिलिमीटर सरकली तरी ती मुठीच्या मध्यावर येऊ शकते. याने भुजेचा पीळ जात नाही. पण त्याचा उपद्रव जातो.

आणि कधी कधी चौथा उपाय म्हणजे काहीच न करणे. दोरी मध्यावरून जात असेल, पीळ वाढत नसेल आणि बाण सरळ जात असेल, तर नुसत्या दिसण्यासाठी लाकडाशी भांडू नये. चांगली लाकडी धनुष्ये सापासारखी वळणे घेतलेली असतात आणि तरी अचूक चालतात. लाकूड सरळ असण्यापेक्षा जोर सरळ जाणे महत्त्वाचे.

जुने साक्षीदार

ही विद्या किती जुनी आहे? डेन्मार्कमध्ये होल्मेगार्ड येथील दलदलीत १९४४ साली एल्म लाकडाची जी धनुष्ये मिळाली, ती सुमारे आठ-नऊ हजार वर्षांपूर्वीची. आल्प्स पर्वतात १९९१ साली बर्फात सापडलेल्या, पाच हजार वर्षांहून जुन्या माणसाजवळ यू लाकडाचे माणसाहून उंच धनुष्य होते. ते अपुरे होते. त्यावर हत्याराचे घाव तसेच दिसत होते आणि दोरीच्या खाचाही पाडलेल्या नव्हत्या. आठव्या हेन्रीचे ‘मेरी रोझ’ हे जहाज १५४५ साली बुडाले आणि १९८२ साली वर काढले गेले. त्यात शंभराहून अधिक लांब धनुष्ये मिळाली. त्यांतली कित्येक ओढायला पन्नास किलोंहून अधिक जोर लागत असावा, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. त्या धनुष्यांवर गाठींच्या जागी कारागिरांनी लाकूड थोडे उंच ठेवले आहे. गाठ सपाट करण्याच्या हट्टापायी तंतू कापलेले नाहीत.

आता काळ पालटला आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी अवघ्या सतराव्या वर्षी विश्वविजेती ठरली आणि नागपूरच्या ओजस देवतळेने पुरुषांचे विजेतेपद मिळवले. त्यांच्या हातातले ‘कंपाउंड’ धनुष्य कप्प्या आणि तारांचे. लाकडाचा तेथे मागमूस नाही. पण पीळ तेथेही पाठ सोडत नाही! टोकाची कप्पी एका अंगाला कलली, की अनेक धनुष्यांत तिला धरणाऱ्या दुपदरी तारेच्या एका पदराला दोन-चार वेढे देऊन तिला सरळ करतात. म्हणजे पीळ घालून पीळ काढायचा. आपल्याकडच्या ‘इंडियन राउंड’ या स्पर्धेत मात्र साधे बांबूचे किंवा लाकडाचे धनुष्य अजून मैदानात उतरते, आणि तेथे सातपुड्यातल्या त्या जुन्या नजरेची किंमत आजही आहे.

घरी करायचे तर

सुट्टीत मुलांना धनुष्य करून द्यायचे असेल, तर चार गोष्टी पाळाव्यात. चांगला वाळलेला, जाड भिंतीचा बांबू घ्यावा आणि धनुष्याची लांबी मुलाच्या उंचीएवढी ठेवावी. बाणाच्या टोकाला कापडाचा किंवा रबराचा गोळा बांधावा. बाण कोणाकडेही, गंमत म्हणूनही, रोखू देऊ नये. दोरी चढवल्यावर पहिल्यांदा मोठ्या माणसाने मागून पाहावे, आणि दोरी मध्यावरून जात नसेल तर धनुष्य ओढूच नये. बाण नसताना दोरी ओढून एकदम सोडू नये. बाणाला मिळायचा जोर मग भुजांनाच सोसावा लागतो.

खेळ संपला की दोरी उतरवावी. धनुष्य कोपऱ्यात उभे करून ठेवू नये. दोन खुंट्यांवर आडवे ठेवावे, म्हणजे त्याचा भार एका टोकावर पडत नाही.

उतरवलेली दोरी एकदा हातात घेऊन पाहावी. सुतळीची असो वा तागाची, तिचे पदर एकमेकांना धरून आहेत ते पिळामुळेच. दोरी सैल वाटली तर तिला आणखी दोन वेढे दिले की ती आखूड होते आणि धनुष्य पुन्हा ताणले जाते. दोरीचा पीळ सुटला तर तिचे धागे होतात. भुजेचा पीळ राहिला तर धनुष्याचे सरपण होते. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, ही सुंभाची खोड नव्हेच. त्या पिळावरच तर त्याचा सगळा जोर असतो. तोच पीळ लाकडात शिरला, तर मात्र विस्तव पेटवून आणि कानस हाती घेऊन, जी कड जास्त ताठ असेल तिच्यापासून कामाला सुरुवात करावी.